टाइल आधी घरी आणा, तिला हळद लावा : स्वयंपाकघराची लादी निवडताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात ओट्यामागे चार इंची पांढऱ्याशुभ्र टाइल्स होत्या. सासूबाई दर शनिवारी शेगडीमागचा भाग सोडा लावून घासायच्या. टाइल लख्ख निघायची, पण दोन टाइल्समधली रेघ पिवळी ती पिवळीच. कित्येक वर्षं मी हे बघत होते. तरी बारा वर्षांपूर्वी ते स्वयंपाकघर नव्यानं करायची वेळ आली तेव्हा मी दुकानात रंग आणि डिझाइनच बघत बसले, त्या पिवळ्या रेघेची आठवणही झाली नाही. त्या वेळच्या चुका पुढे रोज डोळ्यांसमोर राहिल्या. मागच्या वर्षी मांजलपूरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर केलं तेव्हा मात्र आधी दोन महिने विचारपूस केली, कडियांशी, म्हणजे इथल्या गवंड्यांशी, बोलले, टाइल्स घरी आणून तपासल्या. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं सांगते.

बडोद्यात राहणाऱ्यांना टाइल्सची कमतरता कधीच नसते. मच्छू नदीकाठचं मोरबी हे देशातलं टाइल्सचं सर्वांत मोठं केंद्र आपल्याच राज्यात आहे, त्यामुळे इथल्या एकेका शोरूममध्ये शेकडो नमुने उभे असतात. अडचण तिथेच सुरू होते. दुकानात टाइल आपण डोळ्यांनी निवडतो, घरी आल्यावर मात्र तिच्याशी गाठ असते ती पोतेऱ्याची, तेलकट हातांची आणि ओल्या पायांची. म्हणून पहिली पायरी दुकानात जाणं ही नाही.

आधी टेप आणि चौकटींची वही

खोली मोजा, आणि प्रत्येक बाजू तीन ठिकाणी मोजा. जुन्या घरात तर हे हवंच, कारण भिंती क्वचितच काटकोनात असतात. आमच्या जुन्या घरात दाराकडची रुंदी आणि खिडकीकडची रुंदी यात चांगला दोन इंचांचा फरक निघाला होता.

आता हिशोब. मांजलपूरचं आमचं स्वयंपाकघर दहा फूट बाय आठ फूट, ओटा इंग्रजी एल अक्षरासारखा दोन भिंतींना लागून. जमीन झाली ८० चौरस फूट. तुटफुटीचे दहा टक्के धरून ८८. बाजारात ‘दोन बाय दोन’ म्हणून जी टाइल मिळते ती खरं तर ६०० मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फुटांची नाही. म्हणून एका टाइलनं चार चौरस फूट भरत नाहीत, ३.८७ भरतात, आणि चार टाइल्सचा बॉक्स १५.५ चौरस फुटांचा होतो. या हिशोबानं सहा बॉक्स, म्हणजे २४ टाइल्स पुरायला हव्यात.

हे उत्तर कागदावर बरोबर दिसतं, पण लहान खोलीत तेवढ्यावर भागत नाही. चौकटींच्या वहीत खोली काढून बघा. दहा फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. पाच टाइल्स आणि मधले दोन-दोन मिलिमीटरचे सांधे मिळून ३०१० होतात. उरते दीड इंचाची पट्टी. आठ फुटांच्या बाजूला चार टाइल्सनंतर सव्वा इंच उरतो. म्हणजे दोन्ही बाजूंना अगदी बारीक चिंधी येणार. ती दिसते वाईट, आणि इतकी अरुंद पट्टी कापताना तुटतेही. पुष्कळ कडिया अशा वेळी मधून सुरुवात करून दोन्ही कडांना अर्ध्या-अर्ध्या टाइल्स घेतात. दिसायला ते सुंदर, पण मग एका दिशेला सहा आणि दुसऱ्या दिशेला पाच अशा ३० टाइल्स लागतात, कारण अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा कापला की उरलेला भाग दुसऱ्या कडेला कामाला येत नाही. सहाचे आठ बॉक्स झाले!

आम्ही काय केलं, तर ज्या दोन भिंतींना ओटा नाही, म्हणजे ज्या उघड्या दिसतात, तिथून पूर्ण टाइल्सनं सुरुवात केली. बारीक पट्ट्या आपोआप ओट्याखाली गेल्या, कपाटांच्या मागे. वीस पूर्ण टाइल्स आणि पट्ट्यांसाठी दोन, एवढ्यात जमीन झाली. तुमच्या खोलीची मापं वेगळी असतील, उत्तरही वेगळं येईल. पण हे चित्र दुकानात जाण्याआधी काढलंत तर कोणत्या मापाची टाइल घ्यायची हा प्रश्न निम्मा सुटतो. कदाचित तुमच्या खोलीला दोन बाय चार जास्त सोयीची पडेल, कदाचित सोळा इंची.

त्याच वहीत स्विचच्या जागाही काढा. मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, फ्रीज, चिमणी यांचे पॉइंट टाइल लागण्याआधी ठरले पाहिजेत. नंतर आठवलं तर नवी टाइल फोडावी लागते, आणि तिथलं ठिगळ पुढे कायम दिसत राहतं.

फोडायचं की वरून लावायचं

जुन्या लादीवरच नवी लावली तर धूळ वाचते, वेळ वाचतो, सोसायटीतले शेजारीही खूश राहतात. पण जुनी टाइल घट्ट असेल तरच. एक जाड नाणं घ्या आणि प्रत्येक टाइलवर टकटक करत जा. भरीव टाइलचा आवाज बसका, ठाम येतो, सुटलेल्या टाइलचा पोकळ येतो. इथले कडिया म्हणतात, ‘‘बेन, आ पोलुं बोले छे,’’ म्हणजे ताई, ही पोकळ बोलते. चार-पाच सुटी टाइल्स काढून तो खड्डा भरता येतो, पण निम्मी भिंत पोकळ बोलत असेल तर फोडण्याला पर्याय नाही.

वरून लावताना उंचीही बघा. नवी टाइल आणि तिच्याखालचा थर मिळून जमीन अर्ध्या इंचाहून जास्त वर येते. दार खाली घासतं आणि हॉलकडे जाताना उंबऱ्याला एक ठेच तयार होते. घरात म्हातारं माणूस असेल तर ही अर्ध्या इंचाची ठेच धोक्याची.

पोळांमधल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्ल्यांमधल्या, जुन्या घरांबद्दल वेगळं सांगायला हवं. स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आणि खाली लाकडी तुळया असतील, तर दोन इंच सिमेंटचा मसाला म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन, त्यावर टाइलचं वीसेक किलो वेगळं. जुनी फरशी न काढता त्यावर एवढं वजन चढवू नका. आधी एखाद्या इंजिनिअरला तुळया दाखवून घ्या.

टाइल उलटी करून बघा

दुकानात नावांचा भडिमार होतो : सिरॅमिक, व्हिट्रिफाइड, जीव्हीटी, पीजीव्हीटी, डबल चार्ज, फुल बॉडी. सगळं पाठ करायची गरज नाही. टाइल पाणी किती पिते, यावरून निम्मा उलगडा होतो.

टाइल उलटी करा आणि पाठीवर पाण्याचा थेंब टाका. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलची पाठ तो थेंब बघता बघता पिऊन टाकते, कारण तिची पाणी शोषण्याची क्षमता दहा टक्क्यांच्या वर असते. व्हिट्रिफाइडच्या पाठीवर थेंब तसाच उभा राहतो. तिच्यात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं, कारण ती फार जास्त तापमानात भाजून जवळजवळ काचेसारखी घट्ट केलेली असते. पाणी पिणारी टाइल वाईट, असं मात्र समजू नका. ती हलकी असते, कापायला सोपी असते, आणि भिंतीवर मसाल्याला घट्ट धरते. तिच्या पुढच्या बाजूला चकाकीचा थर असल्यामुळे समोरून पाणी आत जात नाही. पण जमिनीवर, जिथे पोळपाट, कुकर, खलबत्ता पडणार, तिथे भिंतीची सिरॅमिक कधीच नको.

बाकीची नावं थोडक्यात. जीव्हीटी म्हणजे व्हिट्रिफाइड टाइलवर छापील डिझाइन आणि चकाकीचा थर. पीजीव्हीटी म्हणजे तीच, पण आरशासारखी पॉलिश केलेली. डबल चार्जमध्ये वरचा रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे घासली गेली तरी रंग जात नाही, मात्र डिझाइन साधीच मिळतात. फुल बॉडीत रंग आरपार असतो, टवका उडाला तरी आत वेगळा रंग दिसत नाही. बॉक्सवर आयएस १५६२२ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का, तेही बघून घ्या.

हळदीची रात्र

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पसंत पडलेल्या टाइल्सचा एकेक नग घरी आणा. चांगला दुकानदार नमुना देतो, फार तर पैसे ठेवून घेतो.

मी तीन आणल्या होत्या. एक भिंतीची चकचकीत सिरॅमिक, एक खरखरीत दगडासारखी मॅट, आणि एक सॅटिन, म्हणजे हाताला गुळगुळीत पण चमक नसलेली. तिन्ही ओट्यावर मांडल्या. कढल्यात तेल तापवून मोहरी-हिंगाची फोडणी केली, त्यात चमचाभर हळद घातली आणि प्रत्येकीवर तो पिवळा गोळा ठेवला. बाजूला आमसुलाचं आगळ आणि चहाचा एकेक ठिपका. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी आधी नुसत्या ओल्या फडक्यानं पुसलं, मग भांड्यांच्या साबणानं.

चकचकीत टाइल पहिल्याच पुसण्यात स्वच्छ झाली. सॅटिनवर तेलाचा गोल राहिला, तो साबणानं गेला. खरखरीत टाइल मला तिघींत सर्वांत आवडलेली होती, तिच्या बारीक खळग्यांत मात्र हळद जाऊन बसली. ब्रशनं घासली तरी उजेडात तिरकं धरल्यावर पिवळी छटा दिसायची. उन्हात ठेवली तर हळदीचा डाग फिका होतो हे खरं, पण ओट्यामागच्या भिंतीवर ऊन कुठून आणायचं? ती टाइल मी त्याच दिवशी परत केली.

घरी आणण्याचा दुसरा उपयोग उजेडाचा. शोरूममध्ये वरून पिवळे फोकस असतात. तिथे उबदार बदामी वाटणारी टाइल आमच्या ट्यूबलाइटखाली मळकट हिरवट दिसली. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून, अशी तीन वेळा बघा, आणि भिंतीची टाइल उभी करून बघा. आडवी ठेवलेली टाइल वेगळीच दिसते.

खालची लादी पायाला विचारा

आपल्या घरात स्वयंपाकघरात चप्पल घालत नाहीत. जमिनीवर बसून भाजी निवडली जाते, दिवाळीच्या आधी चकल्यांचा घाणा निघतो, श्रावणात पुरणपोळ्या. पाण्याचे, तेलाचे थेंब पडतच राहतात. म्हणून सासूबाईंना मी दुकानात घेऊन गेले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी सपाता काढल्या आणि खाली मांडलेल्या टाइल्सवर एकेक करून उभ्या राहिल्या. मी दुकानातल्या मुलाला थोडं पाणी आणायला सांगितलं आणि प्रत्येक टाइलवर शिंपडलं. पीजीव्हीटीवर पाऊल ठेवताच त्यांनी माझा दंड धरला. ‘‘अगं, ही नको. हिच्यावर पाय ठरतच नाही.’’ सॅटिनवर त्या दोन पावलं चालल्या, टाच घासून बघितली आणि म्हणाल्या, ‘‘ही पायाला कळते.’’

मी त्यांच्या पायावर विश्वास ठेवला. काही कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये घसरण रोखण्याचा आकडा दिलेला असतो, आर ९, आर १० असा. घरातल्या स्वयंपाकघराला आर १० चांगला. त्याहून बराच जास्त आकडा म्हणजे खडबडीतपणा जास्त, आणि मग पोतेरं अडकतं, पीठ खळग्यात बसतं. दुसरा आकडा पीईआय. वरचा थर घासला जाणं किती सोसतो, हे तो शून्य ते पाच या मोजपट्टीवर सांगतो. स्वयंपाकघराच्या जमिनीला तीनच्या खाली जाऊ नका, चार असेल तर उत्तम.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. काळी, गडद राखाडी लादी नको. तिच्यावर सांडलेलं पीठ, साखरेचा कण, पाण्याचा थेंब सगळं दिसतं. आपल्याकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत क्षार इतके असतात की सुकलेल्या थेंबाचं पांढरं वर्तुळ गडद टाइलवर उठून दिसतं. शुभ्र पांढरीही नको, तिच्यावर प्रत्येक केस दिसतो. मधला राखाडी-बदामी रंग आणि त्यात हलकी दगडी रेषा असलेली लादी निवडा. जुन्या कोटा फरशीची लोकांना अजून आठवण येते ती यासाठीच. डाग, पीठ, पाणी सगळं ती पोटात घ्यायची आणि वर खलबत्ता आपटला तरी तक्रार नसायची. खरं तर ज्यांच्या घरात जुनी कोटा शाबूत आहे त्यांनी ती उखडण्याआधी एकदा पॉलिश करून बघावी.

ओट्यामागची भिंत

इथे उलट. इथे कोणी पाय ठेवणार नाही, म्हणून चकचकीत किंवा सॅटिन घ्या. दगडाच्या थरांसारख्या, उंचसखल, विटेसारख्या टाइल्स हॉलच्या भिंतीला शोभतात. शेगडीमागे त्यांच्या प्रत्येक कंगोऱ्यावर तेलाची वाफ बसते आणि वर धूळ चिकटते.

सांधे मोजा. ओट्यामागची आमची भिंत दोन्ही बाजू मिळून १८ फूट लांब आणि दोन फूट उंच, म्हणजे ३६ चौरस फूट. ‘बारा बाय चोवीस’ टाइल लावली तर जेमतेम १८-२० टाइल्स. तीन बाय सहा इंचांच्या त्या लहान, विटांसारख्या टाइल्स लावल्या असत्या तर २८८! दिसायला त्या गोड दिसतात, मीही मोहात पडले होते. पण २८८ टाइल्सच्या चारही कडांचे सांधे शनिवारी कोण घासणार, हा विचार आल्यावर मोह सुटला. ज्यांच्याकडे तळण कमी आणि चिमणी चांगली, त्यांनी खुशाल लावाव्यात.

फळांची टोपली किंवा कपबशी छापलेल्या हायलायटर टाइल्स दोन-चार वर्षांत डोळ्यांना खुपू लागतात. बारा वर्षांपूर्वी मी सहा लावल्या होत्या.

उंची किती घ्यायची? ओटा आणि वरच्या कपाटांमध्ये साधारण दोन फूट असतात, तेवढी टाइल सगळेच लावतात. शेगडीमागे मात्र चिमणीच्या मागून थेट छतापर्यंत न्या. चिमणी असली तरी तिच्या आजूबाजूचा रंग चिकट होतोच. सिंकमागेही कपाट नसेल तर वरपर्यंत.

विश्वामित्रीच्या आसपासच्या तळमजल्यांवर राहणाऱ्यांनी आणखी एक करावं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात कितीतरी घरांत पाणी शिरलं आणि खालच्या कपाटांमागच्या प्लास्टरनं ते महिनोन्‌महिने धरून ठेवलं. ‘कपाटामागे कुणाला दिसतंय’ म्हणून ओट्याखालची भिंत बिनटाइलची सोडतात. तिथे साध्यातली साधी का होईना, जमिनीपासून ओट्यापर्यंत टाइल लावून घ्या. पाणी ओसरल्यावर निदान भिंत धुऊन पुसून कोरडी करता येते.

सांध्याची निवड टाइलइतकीच महत्त्वाची

सासूबाईंच्या पिवळ्या रेघेचं मूळ इथे आहे. ग्राउट म्हणजे सांध्यात भरायचा माल. साधं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं. तेल आणि हळद आत शिरते, वरून कितीही घासा. इपॉक्सी ग्राउट राळेचं बनलेलं असतं, ते पाणी आणि तेल आत घेत नाही. महाग आहे, सिमेंटच्या ग्राउटपेक्षा कितीतरी पट. पण ओट्यामागची भिंत लहान असते, त्यामुळे एकूण खर्चात तो वाढीव आकडा फारसा जड जात नाही. निदान शेगडीमागे आणि सिंकभोवती इपॉक्सीच हवं. पैसे कमी पडत असतील तर टाइल एक पायरी स्वस्त घ्या आणि सांधा चांगला भरा. माझं हे मत ऐकून दुकानदार नाराज झाले, पण मी त्यावर ठाम आहे.

इपॉक्सी भरणारा हात सवयीचा हवा. ते लवकर घट्ट होतं, त्यामुळे थोडं थोडं कालवून, थोडी जागा भरून, तिथल्या तिथे ओल्या स्पंजनं टाइल पुसावी लागते. पुसायचं राहिलं तर टाइलवर ढगाळ पापुद्रा राहतो आणि मग तो निघता निघत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात हातभर जागेवर करून दाखवायला सांगा.

रंग टाइलशी मिळता, किंचित गडद घ्या. शुभ्र पांढरं ग्राउट टाळा. आणि ‘बेन, सांधा न सोडता चिकटवून लावतो, सुंदर दिसेल’ असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. टाइल ऊन-थंडीत सूक्ष्म का होईना फुगते-आकसते, तिला जागा लागते. मधे दोन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे प्लास्टिकचे छोटे तुकडे, घालूनच काम करून घ्या.

खरेदीच्या दिवशी

मोरबीला जाऊन थेट कारखान्यातून आणायचं का, हे प्रत्येक जण विचारतो. अख्खा बंगला असेल तर विचार करा. सात-आठ बॉक्ससाठी गाडीभाडं, वाटेतली तुटफूट, आणि पुढे दोन टाइल्स कमी पडल्या तर पुन्हा तेवढीच खटपट, यात काही वाचत नाही. इथल्याच दुकानातून घ्या, पण डोळे उघडे ठेवून.

बॉक्सवर प्रीमियम लिहिलंय की स्टँडर्ड, ते वाचा. तीच टाइल, तेच डिझाइन, पण स्टँडर्डमध्ये किंचित वाकलेल्या, कडेला बारीक टवका असलेल्या येतात. भाव कमी ऐकून खूश होण्याआधी हे विचारा. वाक तपासायला दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून उभ्या धरा आणि मधल्या फटीतून उजेड बघा. कागद सहज आत जात असेल तर वाक जास्त आहे. दोन बाय चारसारख्या लांब टाइलमध्ये हा दोष हमखास सापडतो. म्हणूनच लांब टाइल विटेसारखी अर्ध्यावर सरकवून लावू नका, एकीचा उंच मधला भाग दुसरीच्या खालच्या टोकाशी येतो आणि पायाला धार लागते. सरकवायचीच तर एक तृतीयांश सरकवा.

आणि शेड नंबर! बारा वर्षांपूर्वी माझे दोन बॉक्स कमी पडले. दुकानातून ‘तीच टाइल’ आठ दिवसांनी आली, कडियानं लावूनही टाकली. संध्याकाळी दिवा लावला तर खिडकीखालची दीड ओळ वेगळी, पिवळसर. प्रत्येक भट्टीला रंग केसभर बदलतो, म्हणून बॉक्सवर शेड किंवा बॅच नंबर छापतात. सगळे बॉक्स एकाच नंबरचे आहेत हे गाडी रिकामी होताना स्वतः वाचा, बिलावरही तो नंबर लिहून घ्या, आणि एक बॉक्स जास्तीचा घ्या. डिझाइनं फार लवकर बंद होतात.

भावाची तुलना करताना नुसता चौरस फुटाचा दर धरू नका. जीएसटी, गाडीभाडं, चढवण्याची मजुरी, चिकटवण्याचा माल, ग्राउट आणि बसवण्याची मजुरी, सगळं मिळवून दर काढा. मोठ्या टाइलची मजुरी जास्त पडते.

बसवताना तुम्ही तिथे हव्या

काम चालू असताना घरातल्या कुणीतरी थांबलंच पाहिजे, निदान पहिले दोन दिवस.

पहिली ओळ पाणसळ आणि दोरी लावून झाली की बाकीचं काम सरळ येतं. तिथे घाई होऊ देऊ नका. मग बघा की माल कसा लावतात. व्हिट्रिफाइड टाइलची पाठ पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या राबडीला ती नीट धरत नाही. तिला ॲढेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा खास माल हवा. पिशवीवर आयएस १५४७७ आणि प्रकाराचा आकडा असतो. प्रकार एक साध्या सिरॅमिकसाठी, व्हिट्रिफाइडला दोन किंवा त्यावरचा. जुन्या टाइलवर लावायचं असेल तर पिशवीवर तसं स्पष्ट छापलेलं असावं.

पुष्कळ ठिकाणी टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे गोळे ठेवून ती भिंतीवर दाबतात. काम पटकन होतं. पण गोळ्यांच्या मधे हवा राहते, आणि जमिनीवर त्याच पोकळ जागी वरवंटा पडला की टाइल तडकते. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी तेच सुरू होतं. मी एक नुकती बसवलेली टाइल उचलून पाठ दाखवायला सांगितली. पाच चपटे गोल आणि बाकी कोरी. त्यानंतर दात्यांची थापी आणली गेली आणि पूर्ण पाठीवर कंगव्यासारख्या रेघा ओढून माल लागला. नंतर पुन्हा एक टाइल उचलून पाहिली, तेव्हा रेघा दबून सगळी पाठ भरलेली होती.

सिरॅमिक टाइल सिमेंटच्या मसाल्यावर लावणार असाल तर ती आधी पाण्यात भिजवलेली असली पाहिजे, नाहीतर ती मसाल्यातलंच पाणी ओढून घेते आणि मसाला भुसभुशीत राहतो.

क्रम असा ठेवा : नळ आणि वायरिंग, मग जमिनीची लादी, तिच्यावर प्लास्टिक आणि पीओपीचा थर घालून ती झाकायची, मग कडप्प्याचे उभे आधार आणि ओट्याचा ग्रॅनाइट, आणि शेवटी मागची भिंत. भिंतीची टाइल ग्रॅनाइटवर येऊन बसली पाहिजे. दोघांमधली फट सिमेंटनं भरू नका, तिथे सिलिकॉन लावा. ओटा थोडा हलतो, सिमेंट तडकतं, आणि त्या तडीतून सिंकचं पाणी कपाटात उतरतं. ओट्यावर टाइल लावायचा विचार कुणी करत असेल तर त्याला सांध्यांची आठवण करून द्या. तिथे ग्रॅनाइटच बरा.

टाइल लागल्यावर २४ तास त्यावर चालू नका, ग्राउटही त्यानंतरच. नळाची भोकं हातोडीनं पाडू देऊ नका, डायमंडचं गोल कटर लागतं.

शेवटचा हप्ता देण्याआधी पुन्हा ते नाणं घ्या आणि जमिनीची एकेक टाइल वाजवा. आमच्याकडे दोन पोकळ निघाल्या, एक दारात आणि एक फ्रीजच्या जागी. खडूनं फुल्या मारल्या, कडियानं काही न बोलता काढून परत बसवल्या.

काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड आणतात. ते साध्या ग्राउटला खातं आणि सिंकच्या स्टीललाही डागाळतं. कोमट पाणी, साबण, प्लास्टिकची घासणी आणि थोडा धीर, एवढ्यात बहुतेक डाग जातात.

सात बॉक्समधल्या सहा टाइल्स आमच्याकडे उरल्या. त्या माळ्यावर उभ्या ठेवल्यात, आडव्या रचल्या तर वजनानं खालच्या तडकतात. बॉक्सवरचं स्टिकर कापून, शेड नंबर दिसेल असं, सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.